दोन पत्रांमधले गणित

१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील श्रीनिवास रामानुजन या कारकुनाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना जे पत्र लिहिले, त्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते; पण त्या पत्राच्या आरंभीच केलेला सर्वांत ठाम दावा चुकीचा होता, हे मला गणिताचे शिक्षण संपून बरीच वर्षे लोटल्यावर कळले. हार्डींच्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या छोट्या पुस्तकाच्या ३६व्या पानावर असे विधान होते की, दिलेल्या संख्येपेक्षा लहान असलेल्या मूळ संख्या किती, हे सांगणारे निश्चित सूत्र अद्याप कोणाला सापडलेले नाही. रामानुजन यांनी नम्रपणे, पण निःसंदिग्ध शब्दांत कळवले की, खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारे सूत्र आपल्याला सापडले आहे आणि त्यातील त्रुटी नगण्य आहे. ती नगण्य नव्हती. झीटा या फलाच्या (फंक्शनच्या) ज्या संमिश्र शून्यस्थानांमुळे मूळ संख्यांच्या वाटणीत चढउतार होतात, त्यांना रामानुजन यांच्या मांडणीत स्थानच नव्हते, कारण संमिश्र चलाच्या फलांचा सिद्धांत त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

ही चूक कळल्यापासून त्या पत्राविषयीचा माझा आदर कमी झाला नाही, उलट त्या पत्राला उत्तर देणाऱ्या माणसाविषयीचे माझे कुतूहल वाढले. अचूक सूत्रांचे मोल ओळखणे तुलनेने सोपे असते. चुकीच्या विधानात काही सापडेल असे वाटणे, ते लिहिणाऱ्याला न दुखावता दुरुस्त करणे, आणि ती दुरुस्ती करताना आपण स्वतःही नवे काही शिकणे, हे फार कमी मार्गदर्शकांना साधते. रामानुजन आणि हार्डी यांच्या सहकार्याकडे मी अलीकडे याच बाजूने पाहतो.

रामानुजन यांचे शिक्षण कोणत्या प्रकारचे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कुंभकोणमला शाळेत असताना त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक संकलन आले. परीक्षार्थींसाठी केलेल्या त्या जाडजूड पुस्तकात हजारो निष्पत्ती क्रमाने दिलेल्या होत्या आणि सिद्धता बहुतेक ठिकाणी एक-दोन ओळींच्या सूचनेपुरतीच होती. रामानुजन यांनी ती निष्पत्तींची यादी स्वतःच्या बळावर पडताळून पाहिली आणि मग ती पुढे वाढवत नेली. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत, आणि उत्तर तेवढे वहीत उतरवीत. गणित म्हणजे सूत्रांची मालिका आणि सिद्धता ही आपल्यापुरती खात्री पटवण्याची गोष्ट, ही त्यांची समजूत अशी घडली. इंग्रजी आणि इतर विषयांत मार खाल्ल्यामुळे ते कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले, म्हणून ही समजूत बदलू शकेल असा कोणी शिक्षक त्यांना दीर्घकाळ लाभलाच नाही.

त्यांच्याभोवती सहृदय माणसे मात्र होती, आणि याचा उल्लेख पुरेसा होत नाही, अशी माझी तक्रार आहे. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर, नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव आणि पोर्ट ट्रस्टमधील त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर यांनी त्यांना उभे राहण्यापुरती जमीन मिळवून दिली. सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली बर्नुली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध आला. याच सुमारास मद्रासच्या एका प्राध्यापकांनी त्यांचे काही काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एम. जे. एम. हिल यांच्याकडे पाठवले. त्यात १ + २ + ३ + ... ही अनंतापर्यंत जाणारी बेरीज उणे एक-बारांश असल्याचे विधान होते. हिल यांनी सद्भावनेने उत्तर दिले, वाचण्यासाठी पुस्तक सुचवले, आणि हा गृहस्थ अपसारी श्रेणींच्या (ज्यांची बेरीज कोणत्याही ठरावीक किमतीकडे जात नाही अशा श्रेणींच्या) अवघड विषयातील खड्ड्यांत पडला आहे, असेही लिहिले. नेहमीच्या अर्थाने ती बेरीज अपसारीच आहे, म्हणून हिल यांना दोष देण्याचे कारण नाही. पण झीटा फलाचा विस्तार उणे एक या बिंदूपर्यंत नेला की नेमकी हीच किंमत मिळते, आणि ही किंमत कोणतेही शिक्षण नसताना कोणाला सापडली असेल तर ती कशी सापडली, हा प्रश्न हिल यांनी विचारला नाही.

हार्डींना पाठवलेल्या पानांवर शंभराहून अधिक निष्पत्ती होत्या. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जे. ई. लिटलवुड यांनी एका संध्याकाळी बसून त्या चाळल्या. काही निष्पत्ती हार्डींना परिचित होत्या, काही कष्टाने सिद्ध करता आल्या, आणि सतत अपूर्णांकांविषयीच्या (ज्यांच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, असे पुढे चालू राहते) काहींनी त्यांना पूर्ण नमवले. त्या खऱ्याच असल्या पाहिजेत, कारण खोट्या असत्या तर त्या रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाजवळ असणार, असे त्यांनी नंतर लिहिले. ८ फेब्रुवारीच्या उत्तरात त्यांनी निष्पत्तींचे तीन गट पाडले: आधीच ज्ञात असलेल्या किंवा ज्ञात गोष्टींवरून सहज निघणाऱ्या, नव्या, पण महत्त्वापेक्षा कुतूहलामुळे आणि काठिण्यामुळे लक्ष वेधणाऱ्या, आणि नव्या व महत्त्वाच्या. त्याबरोबर त्यांनी सिद्धता मागितल्या. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात कौतुक आहे, पण ते सरसकट नाही. स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसाला आपल्या कामातील कोणता भाग नवा आहे हेच ठाऊक नसते, आणि ते त्याला सांगणारा माणूस हीच त्याची पहिली गरज असते.

रामानुजन यांनी २७ फेब्रुवारीला लिहिले की, माझ्या श्रमांकडे सहानुभूतीने पाहणारा एक स्नेही मला तुमच्या रूपाने मिळाला आहे. याच पत्रात त्यांनी ती उणे एक-बारांशाची बेरीज पुन्हा मांडली आणि म्हटले की, हे मी सांगितले तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल. सिद्धता मात्र त्यांनी पाठवल्या नाहीत. आपली पद्धत पत्रातून समजावणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आधीच्या नकारांनी पोळलेल्या माणसाचा हा सावधपणा होता असे मला वाटते, पण त्याहून साधे कारणही संभवते, की हार्डी ज्याला सिद्धता म्हणत होते ती वस्तू त्यांच्याजवळ नव्हतीच.

येथे एक गोष्ट मराठी वाचकांसाठी नोंदवावीशी वाटते. आपण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना ‘रँग्लर परांजपे’ म्हणून ओळखतो. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, होणारे ते पहिले भारतीय. हार्डी त्याच परीक्षेत आदल्या वर्षी, १८९८ साली, चौथे आले होते, आणि पुढे त्याच परीक्षेच्या क्रमवारीचे ते कट्टर विरोधक झाले. ती क्रमवारी १९०९ नंतर बंद झाली. घोटून तयार केलेल्या उमेदवारांपेक्षा गणिताचे खरे चिंतन वेगळे असते, हे ज्याने स्वतः त्या शर्यतीत धावून अनुभवले होते, त्याच्याच हाती परीक्षेत नापास झालेल्या माणसाचे पत्र पडले, हा मला मोठा सुयोग वाटतो.

हार्डींच्या पत्रानंतर मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना ३० रुपये मिळत होते. समुद्रप्रवासाला आरंभी त्यांचा नकार होता. १९१४ च्या सुरुवातीला ट्रिनिटीचे ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले, त्यांनी त्या वह्या प्रत्यक्ष पाहिल्या, आणि जाण्याचे ठरले. १७ मार्चला निघालेली बोट १४ एप्रिलला लंडनला पोहोचली, आणि थोड्याच महिन्यांत महायुद्ध सुरू झाले. लिटलवुड तोफखान्याच्या कामावर गेले, म्हणून रामानुजन यांच्या वाट्याला प्रामुख्याने हार्डीच आले.

या माणसाला शिकवायचे काय आणि शिकवायचे नाही काय, हा हार्डींपुढचा पेच होता, आणि त्यांनी तो प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. ज्याने सतत अपूर्णांकांवर त्या काळी कोणालाही न साधलेले प्रभुत्व मिळवले होते, त्याने कोशीच्या प्रमेयाचे नावही ऐकले नव्हते, आणि संमिश्र चलाचे फल म्हणजे काय याची त्याला अगदी पुसट कल्पना होती. सगळे पद्धतशीर शिकवायला बसावे तर त्याचा आत्मविश्वास किंवा त्याची प्रेरणा मोडण्याची भीती होती. काहीच शिकवू नये तर मूळ संख्यांविषयीची ती चुकीची समजूत त्याने जन्मभर बाळगली असती, आणि हेही हार्डींना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी थोडे शिकवले, त्यात काही अंशी यश मिळाले असे म्हटले, आणि लगेच पुढे जोडले की, रामानुजन माझ्याकडून जेवढे शिकले त्यापेक्षा मी त्यांच्याकडून कितीतरी अधिक शिकलो. हे वाक्य मी पूर्वी शिष्टाचाराचे समजत असे. विभाजनांवरील त्यांचा संयुक्त निबंध समजावून घेतल्यावर मला ते अक्षरशः खरे वाटू लागले.

त्या निबंधाकडे जाण्यापूर्वी १९१७ च्या एका कामाचा उल्लेख करतो. एखाद्या संख्येला सर्वसाधारणपणे किती मूळ अवयव असतात, या प्रश्नाचे उत्तर दोघांनी मिळून दिले: त्या संख्येच्या लॉगॅरिदमचा पुन्हा लॉगॅरिदम घ्यावा, जवळजवळ सर्व संख्यांना त्याच्या आसपास अवयव असतात. एक कोटीच्या आसपासच्या संख्येला सुमारे तीन, आणि एकावर ८० शून्ये असलेल्या संख्येलाही पाचच्या आसपास. अवयवांनी समृद्ध संख्या म्हणूनच दुर्मीळ, आणि त्याचा पडताळा हवा असेल तर फावल्या वेळी टॅक्सीच्या किंवा रेल्वेच्या डब्यांच्या क्रमांकांचे अवयव पाडून पाहावेत, असे निबंधाच्या प्रस्तावनेत चक्क लिहिले आहे. पटनीच्या शुश्रूषागृहात हार्डींनी आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस असल्याचे सांगितले आणि रामानुजन यांनी तो दोन घनांच्या बेरजेच्या रूपाने दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या असल्याचे उत्तर दिले, हा प्रसंग सर्वांना पाठ असतो. हार्डींनी तो सांगताना कंसात ७, १३ आणि १९ हे अवयव नोंदले आहेत. म्हणजे तो त्यांच्या संयुक्त निबंधातला उद्योग टॅक्सीत बसून चालू होता. आजारी मित्राच्या खाटेजवळही त्या दोघांची कामाची भाषा तीच होती.

आता विभाजनांविषयी. चार ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात पाच प्रकारे लिहिता येते: ४, ३ + १, २ + २, २ + १ + १ आणि १ + १ + १ + १. पाचाची विभाजने ७, दहाची ४२, पन्नासाची २,०४,२२६ आणि शंभराची १९,०५,६९,२९२. प्रश्न लहान मुलाला समजेल असा आहे, आणि तरी हा आकडा थेट सांगणारे सूत्र कोणालाही ठाऊक नव्हते. ऑयलरने दिलेल्या नियमाने आधीच्या सर्व किमतींवरून पुढची किंमत पायरी-पायरीने काढता येई, एवढेच.

या वाटेची सुरुवातही एका चुकीच्या विधानातूनच झाली. १९१३ च्या पत्रव्यवहारात रामानुजन यांनी एका निराळ्या पण जवळच्या श्रेणीतील सहगुणकासाठी सूत्र दिले होते आणि खरा सहगुणक म्हणजे त्या सूत्राच्या किमतीला सर्वांत जवळचा पूर्णांक, असे म्हटले होते. ते खरे नव्हते. पण ते विधान रामानुजन यांनी लिहिलेल्या सर्वांत फलदायी विधानांपैकी एक होते, कारण त्यानेच आम्हाला विभाजनांवरील कामाकडे नेले, असे हार्डींनी नोंदवून ठेवले आहे. मला या नोंदीत त्यांचे सगळे मार्गदर्शन दिसते. ‘सर्वांत जवळचा पूर्णांक’ या शब्दांमागे एक विलक्षण आशा होती: मोठ्या संख्यांसाठी सूत्र केवळ प्रमाणात बरोबर असावे असे नव्हे, तर अर्ध्याहूनही कमी चुकावे.

गणिती विश्लेषणात वाढलेला माणूस अशी आशा सहसा धरत नाही. हार्डींच्या परंपरेतील साधने वापरली की शंभराच्या विभाजनांसाठी सुमारे १९ कोटी ९३ लाख असे उत्तर मिळते. चूक साडेचार टक्क्यांची, आणि संख्या वाढत जाईल तशी ही टक्केवारी शून्याकडे जाते. त्या काळच्या कोणाही विश्लेषकाने येथे समाधान मानले असते. पण टक्केवारी कमी होत असली तरी प्रत्यक्ष फरक लाखोंचा होता, आणि रामानुजन यांचे म्हणणे असे की, फरक मर्यादित ठेवणारे सूत्र आहेच, ते शोधायला हवे. लिटलवुडनी १९२९ साली लिहिले की, असे सूत्र असण्याविषयी रामानुजन इतके निश्चिंत कसे होते, हे सैद्धांतिक अंतर्दृष्टीने समजावू पाहिले तर ती अंतर्दृष्टी विश्वास बसणार नाही इतकी थोर मानावी लागेल.

मात्र त्या निश्चितीला देह देण्याचे साधन हार्डींकडे होते. विभाजनांची जनक श्रेणी, म्हणजे जिचे सहगुणक विभाजनसंख्या आहेत ती श्रेणी, एकक वर्तुळाच्या आत नीट वागते आणि वर्तुळाच्या परिघावर मात्र जागोजागी बिघडते. प्रत्येक परिमेय कोनाशी एक विचित्र बिंदू उभा असतो. ज्या कोशीच्या प्रमेयाचे नाव रामानुजन यांनी मद्रासला ऐकलेही नव्हते, त्याच्या आधारे हवा असलेला सहगुणक या वर्तुळाजवळून फिरणाऱ्या संकलनाच्या रूपात मांडता येतो. मग त्या असंख्य बिंदूंपैकी ज्यांचे वजन सर्वांत जास्त, त्यांच्यापासून सुरुवात करून एकेकाचा वाटा मोजत जायचे. कोणत्या बिंदूचा वाटा नेमका किती आणि कोणत्या रूपात, हे ठरवताना सूत्रात संख्येतून एक-चोविसांश वजा करण्यासारख्या बारीक दुरुस्त्या लागतात. त्या रामानुजन यांच्या हाताच्या होत्या.

पडताळ्यासाठी त्यांनी तोफखान्यातील निवृत्त मेजर पी. ए. मॅकमेहन यांची मदत घेतली. मॅकमेहन यांनी ऑयलरच्या नियमाने हाताने आकडेमोड करून दोनशेपर्यंतच्या सर्व विभाजनसंख्यांचे कोष्टक तयार केले. शंभरासाठी सूत्राची सहा पदे घेतल्यावर उत्तर आले १९,०५,६९,२९१.९९६. दोनशेसाठी आठ पदांनी उत्तर दिले ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४, आणि मॅकमेहन यांच्या कोष्टकात होते ३९,७२,९९,९०,२९,३८८. जवळजवळ चार लाख कोटींच्या संख्येत चूक फक्त चार हजारांश. मी ही दोन्ही उत्तरे एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ पाहत बसलो आहे, आणि दर वेळी मला तोच आनंद होतो. हे आकडे समोर आल्यावरच आपण सिद्ध करत आहोत त्याहून सूत्रात अधिक काही आहे, अशी हार्डींना जाणीव झाली, आणि घेतलेल्या पदांची संख्या दिलेल्या संख्येबरोबर वाढवत नेऊन सर्वांत जवळचा पूर्णांक हेच उत्तर असते, असे प्रमेय १९१८ साली प्रसिद्ध झाले. पत्रातल्या त्या चुकीच्या विधानातील आशा या दुसऱ्या प्रश्नात खरी ठरली. ती मूळ श्रेणी अनंतापर्यंत नेली तर अपसारी आहे. १९३७ साली हान्स राडेमाखर यांनी थोडा बदल करून ती अभिसारी (ठरावीक किमतीकडे जाणारी) आणि पूर्णतः अचूक केली. वर्तुळाची ही पद्धत हार्डी आणि लिटलवुड यांनी पुढे गोल्डबाखच्या आणि वेअरिंगच्या प्रश्नांकडे वळवली, आणि संख्यांच्या सिद्धांतात ती आजही रोजच्या वापरात आहे.

या सहकार्यातील एक उणीव मला सलते, आणि ती हार्डींनी स्वतःच कबूल केली आहे. ही सूत्रे तुम्हाला सुचली कशी, हे त्यांनी रामानुजन यांना कधी खोदून विचारलेच नाही. दररोज अर्धा डझन नवी प्रमेये समोर येत असताना जुनी कशी सापडली याविषयी छळणे हास्यास्पद वाटे, असे त्यांनी सांगितले आहे. वर्षानुवर्षे जवळजवळ रोज भेटणारा एकमेव माणूस हे विचारू शकत होता, आणि ती संधी गेली. रोजच्या भेटीत गणिताखेरीज फारसे काही येत नसावे, असेही मला वाटते. युद्धामुळे शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होत होते, रामानुजन स्वतः शिजवून एकटे जेवत, आणि १९१७ मध्ये ते गंभीर आजारी पडून एका शुश्रूषागृहातून दुसऱ्यात हलवले जाऊ लागले. हार्डींनी त्यांच्यासाठी डॉक्टर, सन्मान आणि पैसा यांची खटपट मनापासून केली. १९१८ साली रॉयल सोसायटीचे आणि नंतर ट्रिनिटीचे सदस्यत्व मिळाले. पण ज्या एकटेपणाने ते खचत गेले, तो हार्डींसारख्या संकोची माणसाच्या आवाक्यातला नव्हता.

मार्च १९१९ मध्ये रामानुजन मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या ३२व्या वर्षी मद्रासला वारले. त्याआधी, १२ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. त्यात त्यांनी ज्यांना ‘मॉक थीटा’ हे नाव दिले त्या फलांची, म्हणजे आधीपासून परिचित असलेल्या थीटा फलांसारख्या भासणाऱ्या फलांची, ओळख होती. पहिल्या पत्राप्रमाणेच यातही सूत्रांच्या ओळीच्या ओळी आहेत, व्याख्या अपुरी आहे आणि सिद्धता नाहीत. ही फले नेमकी कोणत्या कुळातली, हे २००२ साली सँडर झ्वेगर्स यांच्या प्रबंधामुळे स्पष्ट झाले. पण एका जागी पत्राचा सूर वेगळा आहे. वर्तुळाच्या परिघावर थीटा फलांसारखी वागणारी सर्व फले थीटा फलांपासूनच बनलेली असतील का, असा प्रश्न ते विचारतात, तसे असलेच पाहिजे असे नाही असे उत्तर देतात, आणि पुढे लिहितात की, हे मी काटेकोरपणे सिद्ध केलेले नाही, मात्र जिथे तसे असणे कल्पनेबाहेरचे आहे अशी बरीच उदाहरणे मी रचली आहेत. ती उदाहरणे खरोखरच तशी आहेत, याची सिद्धता २०१३ साली मायकेल ग्रिफिन, केन ओनो आणि लॅरी रोलेन यांनी दिली. सात वर्षांपूर्वी त्रुटी नगण्य असल्याचे ठामपणे कळवणारा तोच हात अंथरुणावर पडल्या पडल्या, आपल्याला काय दिसते आहे आणि त्यातील काय अजून सिद्ध व्हायचे आहे, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहीत होता.